दुसरा भोंगा

कमळाबाई गेली तेव्हापासून आमच्या लेआउटातले सारे लोक सोमाजीभाऊशी खोटं बोलून राह्यले होते. म्हातारे, बाया, लेकरं, सारे. मी सत्यशीला, इथी पिठाची चक्की चालवते, अन् माझं तोंड किती फाटकं आहे ते माझ्या गिऱ्हाइकाइले विचारा. कोणी म्हटलं का दळण जाड आलं, तं मी तोंडावर सांगते का बाई, तुमची ज्वारीच ओली होती. पण या एका गोष्टीत मीबी खोटं बोलली. काऊन बोलली ते सांगते, पण त्याच्याआधी सोमाजीभाऊ कोण ते सांगावं लागते.

आमचं जुनं गाव कोळशाच्या उघड्या खाणीच्या अगदी काठाले होतं. लोकाइच्या जमिनी खाणीत गेल्या अन् जमिनीच्या बदल्यात नोकऱ्या भेटल्या. सोमाजी उरकुडे तेव्हा जवान पोरगा. त्याइले भोंग्यावर लावलं. खाणीत रोज दुपारी सुरुंग उडवत. त्याच्या आधी भोंगा वाजवाचा, लाल झेंडी घेऊन सायकलवर गावभर फिराचं, लोकाइले घरात घालाचं. दगड पडाचे थांबले का दुसरा भोंगा वाजवाचा, मग लोकाइनं बाहेर निघाचं. बस. सोमाजीभाऊनं उभी नोकरी एवढंच काम केलं, अन् असं केलं का जशी देवाची पूजा करावी.

भोंगा हाताचा होता, मूठ धरून गरगर फिरवाचा. पहिला भोंगा जोरात, उंच, दम संपेस्तोवर एकसारखा. तो झाला का दार-खिडक्या लावा, मांडणीवरचे डबे खाली काढा, लेकरं मांडीवर घ्या. दुसरा भोंगा हळू फिरवत, तो खालच्या आवाजात घुमे, गाय हंबरल्यासारखा. तो होईस्तोवर दार उघडाचं नाई. बाहेर बाप बोंबलला तरी नाई. हे भाऊनं शाळेत जाऊन शिकवलं, बाजारात शिकवलं, लग्नाच्या मांडवात शिकवलं.

गावात नवी सून आली का सासू तिले विहीर दाखवे, अन् दुसऱ्या दिवशी सोमाजीभाऊ भोंगा समजावाले येत. मी लग्न होऊन आली तं माझ्याबी अंगणात आले. काखेत झेंडी, पायात खाणीचे बूट. माझ्या डोक्यावर पदर, हातात ओली हळद, अन् हा माणूस मले विचारून राह्यला, "बाई, पहिला भोंगा झाला तं तुम्ही काय करसान?" मी मनात म्हटलं, हा कोण बावा, मायबाई. पण तीनदा वदवून घेतलं तेव्हाच गेले. त्याइच्या आधी एकदा दगड छपराचं कवेलू फोडून आत आला होता अन् एका म्हातारीचा हात कायमचा गेला होता. भाऊच्या साऱ्या नोकरीत कोणाच्या अंगाले खडा नाई लागला. गावानं त्याइचं एवढं ऐकलं.

एकटी कमळाबाई नाई ऐके. ती त्याच गावची पोर. मोहाच्या दिवसात तिच्या अंगणात मोहफुलं वाळत पडलेली राहत. भोंगा झाला, सारं गाव आत, अन् ही बाई टोपलं घेऊन बाहेर. भाऊ सायकल टाकून धावत जात, "अवो, मरतं का?" तं म्हणे, "सुरुंगाची धूळ बसली का मोह कोण घेईन, तुम्ही?" मग काय, लवकर आवरावं म्हून भाऊच तिच्यासंगं खाली बसून मोह गोळा करत. अख्खा मोसम हे चाललं. गाव दारं लावून आत बसलेलं, अन् गावाले आत घालणारा माणूस उघड्यावर फुलं वेचून राह्यला. पुढच्या वैशाखात लग्न झालं त्याइचं.

लग्न झाल्यावर तरी सुधरावं ना. नाई. पहिला भोंगा झाला का ही उंबऱ्यावर येऊन बसे. सासू आतून शिव्या दे. मी एकदा विचारलं, बाई, तुम्हाले भेव नाई वाटत का? तं म्हणे, "माझा माणूस बाहेर झेंडी घेऊन उभा आहे. मी आत कशी बसू?" त्याइले लेकरू झालं नाई. दोघंच होते एकमेकाइले, अन् कधी दोघाइले कमी पडलं असं दिसलं नाई.

मग खाण वाढत वाढत गावाच्या पोटात आली अन् गाव उठलं. पैसे भेटले त्यात लोकाइनं प्लॉट घेतले, चंद्रपूरच्या बाहेर, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. लेआउटचं नाव हिरवाई नगर. हिरवं म्हणाल तं माझ्या चक्कीचं दार तेवढं. आधी आमच्या गावची घरं आली, मग माजरीकडचे आले, राजुऱ्याकडचे आले, सारे खाणीच्या काठचेच. पाह्यता पाह्यता एवढी घरं झाली का गल्लीत दोन ऑटो अडकत. अन् नशीब असं का इथूनबी एक खाण जवळच. दुपारचा भोंगा इथीबी ऐकू ये, धूळ इथीबी ये. सवय सुटाचं कारणच नव्हतं. भोंगा झाला का बाया हातातलं काम टाकून खिडक्या लावत, अन् दुसरा झाला का उघडत. कोणी ठरवून करत नव्हतं. आपोआप होये.

आगीचं मात्र कोणाच्याच ध्यानात नव्हतं. मागल्या वर्षी पोचूचं किराणा दुकान पेटलं. आगीची गाडी शहरातून निघाली, फाटकावर कोळशाची मालगाडी आडवी आली, पुढे गल्लीत रेतीचे ढीग. गाडी पोचली तं दुकानाची राख ओली कराले. लोक ड्रायव्हरच्या अंगावर गेले अन् सगळ्यात पुढे मी. ड्रायव्हर मन्सूरभाई, शहरातले, पिकल्या दाढीचे. सारं ऐकून घेतलं अन् म्हणाले, "बाई, मी उडून येऊ का? फाटक माझ्या हातात आहे का? हे रेतीचे ढीग मी टाकले का?" मी आणखीच ओरडली.

मग सभा झाली. इथी आगीच्या गाडीचं ठाणं द्या म्हून अर्ज गेला, एक साहेब आले, मोकळ्या प्लॉटवर पाटी ठोकली गेली. त्या पाटीले आता बकऱ्या बांधतात. सभेत सोमाजीभाऊ सगळ्यात शेवटी उठले. रिटायर झालेले, गुडघे गेलेले, छातीत धूळ. म्हणाले, "गाडी लवकर नाई येऊ शकत ना? मान्य. माणसं तं लवकर येऊ शकतात."

जुन्या खाणीत बिजलीचा भोंगा आल्यावर हाताचा भोंगा भंगारात गेला होता. भाऊनं तो भंगारवाल्याकडून शोधून आणला. घासला, तेल पाजलं, लाल रंग दिला, अन् पाण्याच्या टाकीजवळ खांबावर बसवला. मन्सूरभाई सुटीच्या दिवशी सोताहून आले अन् शिकवलं. ओलं पोतं कसं टाकाचं, रांग करून बादल्या कशा पुढे द्याच्या, बिजलीच्या आगीवर आधी बटण कसं बंद कराचं. अन् एक गोष्ट त्याइनं घोकून घेतली. "अकेला आदमी आग में नहीं घुसेगा. एकटा गेला तं दोन जनाजे उठतात. आधी भोंगा, मग बादली." भाऊले हे भलतंच पटलं. भोंग्याचा माणूस ना तो.

मी सभेतच विचारलं होतं, "भाऊ, पण भोंगा झाला तं लोक दारं लावून नाई बसतीन का?" भाऊ हसले. म्हणाले, "तुम्ही हुशार आहा बाई. म्हून तं आगीचा भोंगा तीन तुकड्यात." मूठ फिरवाची, चाकावर तळहात दाबून आवाज तोडाचा. परत फिरवाची, परत तोडाचा. असे तीन तुकडे. ते सोपं नाई. चाक आपल्याच जोरानं फिरते, त्याले दर वेळी आवरावं लागते. भाऊनं आठ-आठ दिवस सराव केला, तळहाताले फोड आले. कमळाबाई फोडाले हळद लावे अन् चिडवे, "सारा जन्म लोकाइले आत घातलं, आता म्हातारपणी बाहेर काढून राह्यले."

मग एका रविवारी सकाळी भाऊनं खोटीखोटी आग सांगून भोंगा वाजवला. तीन तुकडे. अन् काय सांगू तुम्हाले, सारा लेआउट बादल्या घेऊन धावला. भाऊच्या शेजारची मंजुषा सगळ्यात आधी, कडेवर लेकरू अन् हातात घागर. तिच्याही पुढे कमळाबाई, तिचं तं नवल नाई. दुसऱ्या दिवशी लोकाइनं रेतीचे ढीग उचलले. मन्सूरभाईनं भाऊले सलाम केला. त्या दिवशी भाऊ जसे हसले तसे मी त्याइले परत कधी नाई पाह्यलं.

हिवाळ्यात कमळाबाई नळावर घसरली अन् खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय उचलेना. खाटेवरच राहे. भाऊ तिचं सारं करत, वेणीबी घालत, वाकडी का होईना. उन्हाळा लागला तशी खाट कूलरसमोर आणली. आमच्या चंद्रपूरचं ऊन तुम्हाले ठाऊक असन. मे महिन्यात दुपारी कुत्रं रस्त्यावर दिसत नाई. घरोघरी कूलर घरघरते, अन् शेजारी हाक मारली तं शेजाऱ्याले ऐकू येत नाई.

त्या दिवशी मी शहरात गेली होती, चक्कीचा पट्टा तुटला होता म्हून. पट्टा घेऊन ऑटोनं परत निघाली तं फाटक बंद. कोळशाची मालगाडी, डब्यामागून डबे, सरत सरेना. तिथीच मले लेआउटच्या बाजूनं भोंगा ऐकू आला. उंच, लांब, एकसारखा. मी मनात म्हटलं, आज सुरुंग लवकर उडवून राह्यले वाटते. अन् पदर नाकावर ओढला, धूळ येईन म्हून.

थोड्या वेळानं मागून आगीची गाडी घंटी वाजवत आली अन् आमच्या ऑटोच्या मागं अडकली. मन्सूरभाई खाली उतरून फाटकवाल्याले हात जोडून राह्यले होते, पण रुळावर चालती मालगाडी असताना तो तरी काय करन. मी विचारलं, "कुठी लागली?" त्याइनं माझ्याकडे पाह्यलं. "तुमच्याच हिरवाईत. रस्त्यावरच्या एका ट्रकवाल्यानं धूर पाहून फोन केला." मी पट्टा ऑटोतच टाकला अन् गाडीवर चढली. तरी मले फार भेव नाई वाटलं, खरं सांगते. मी मन्सूरभाईले म्हटलंबी, भोंगा आहे ना आमच्याकडे, आतापर्यंत लोकाइनं विझवलीबी असन.

लेआउटात शिरलो तं रस्त्यावर माणूस नाई. एकबी नाई. साऱ्या गल्लीची दारं बंद, साऱ्या खिडक्या बंद, कूलरची घरघर तेवढी. अन् त्या बंद घराइच्या मधून काळा धूर वर जाऊन राह्यला. सोमाजीभाऊच्या घरातून.

भाऊ दारात पडले होते. एक हात खाटेच्या पायाले. कूलरची मोटर जळाली होती अन् आग कूलरच्या ताटीतल्या, जाळीत भरलेल्या सुक्या भुशाले लागली होती. भाऊ टाकीवर पाणी आणाले गेले तेवढ्यात हे झालं. परत आले तं खोलीत धूर. त्याइनं बटण बंद केलं, बायकोले उचलून पाह्यलं, पण तिचा पाय तसा, अन् याइच्या छातीत दम नाई. जसं शिकवलं होतं तसंच केलं त्या माणसानं. आधी भोंगा. टाकीवर धावत गेले, भोंगा वाजवला, परत आले, लोक आलेच म्हून एकट्यानं खाट ओढाले लागले. दारापर्यंत खाट आणली. दारात खाट अडकली. दोन माणसं असती तं एकानं उचलून, एकानं तिरपी करून काढली असती. मन्सूरभाई अन् त्याइच्या जोडीदारानं तशीच काढली, माझ्या डोळ्यासमोर, एका झटक्यात.

कमळाबाई भाजली नव्हती. वाकडी वेणी तशीच होती, कुंकू तसंच होतं. धुरानं गेली. आग एवढीशी होती का पाइप लावला अन् विझली.

मी मंजुषाचं दार दोन्ही हातानं बडवलं. मी काय काय बोलली ते मले आठवत नाई, पण चांगलं बोलली नसन. तिनं कडी काढली, दार जरासं उघडलं. आत चार डबे खाली काढून ठेवलेले, दोन्ही लेकरं मांडीजवळ. अन् तिनं मले विचारलं, "दुसरा भोंगा झाला का?"

तेव्हा मले कळलं. फाटकावर मीच तं ऐकला होता तो भोंगा. लांब, एकसारखा, न तुटलेला. भाऊच्या हातानं मूठ धरली अन् जन्मभर जे केलं तेच केलं. चाक आवराले हात राह्यलाच नसन, घरात बायको गुदमरून राह्यली होती. अन् साऱ्या लेआउटनं त्याइचं ऐकलं. जसं शिकवलं होतं तसं. दारं लावली, डबे काढले, अन् दुसऱ्या भोंग्याची वाट पाहात बसले.

भाऊले दवाखान्यातून आणलं तेव्हा कमळाबाईचं सारं होऊन गेलं होतं. अंगणात लोक बसले होते. भाऊ एकेकाच्या तोंडाकडे पाहात होते. मग विचारलं, "भोंगा ऐकू नाई आला का तुम्हाले?"

माझी जीभ वळवळली. सांगणारच होती मी. पण मंजुषा आधी बोलली. "ऐकू आला भाऊ."

"तीन तुकडे वाजवले ना मी?"

"तीनच वाजवले. आम्हीच नाई आलो. उन्हाचं कोण निघते म्हून बसून राह्यलो."

मी तिच्याकडे पाहातच राह्यली. मग मागून एक म्हातारे बोलले, "हो भाऊ, झोप लागली होती." मग दुसरं कोणी, मग तिसरं. कोणी ठरवलं नव्हतं. अख्ख्या लेआउटनं एका दमात ते पाप सोताच्या डोक्यावर घेतलं. भाऊनं सारं ऐकलं अन् म्हणाले, "माणसं नाई तुम्ही." अन् आत जाऊन दार लावून घेतलं.

तेव्हापासून भाऊ कोणाशी धड बोलले नाई. रस्त्यात कोणी दिसलं तं मान फिरवत. मंजुषा रोज त्याइच्यासाठी डबा करे, अन् तिच्या घरचा आहे कळलं तं ते खाणार नाईत म्हून माझ्या हातानं पाठवे. एकदा नळावर भाऊनं तिले साऱ्यादेखत म्हटलं, "तुमच्या लेकराइले कमळानं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. भिंतीपलीकडे मरत होती ती." मंजुषा खाली मान घालून उभी राह्यली, घागर भरली अन् गेली. मले राहवलं नाई. मी तिले घरी जाऊन म्हटलं, कायले एवढं ऐकून घेतं तू, मी सांगते त्याइले खरं. तिनं माझा हात धरला. म्हणे, "बाई, माझ्यावर राग काढून ते जगून राह्यले तं काढू द्या. त्याइले सोताचा हात आठवला तं ते मरतीन." त्या दिवसापासून मीबी खोटं बोलाले लागली. चक्कीवर बसून एकटीच रडे मी, पिठात डोळे पुसता येत नाई म्हून खांद्याले पुसे.

दिवाळी गेली अन् थंडी पडली. एका दुपारी भाऊ दळण घेऊन आले. आता त्याइचं तेच आणत. चक्की चालू होती, ते तोंड फिरवून बाकड्यावर बसले. तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. पहिला. मी सवयीनं चक्की बंद केली, खिडकी ओढून घेतली. वळून पाह्यलं तं भाऊचा उजवा हात गुडघ्यावर फिरून राह्यला होता. गरगर, मूठ धरल्यासारखा. त्याइले कळतबी नव्हतं. भोंगा जेवढा चालला तेवढा हात चालला, एकसारखा, मधात कुठी तुटला नाई.

भोंगा थांबला. हात थांबला. भाऊ हाताकडे पाहाले लागले. मग तळहात उलटा केला अन् परत पाह्यला.

"सत्यशीलाबाई," भाऊ म्हणाले. किती महिन्यानं माझं नाव घेतलं होतं. "त्या दिवशी मी कोणता वाजवला?"

"तीन तुकडे भाऊ."

"तुम्ही इथी होत्या का?"

"फाटकावर होती. पण ऐकला मी. तीन तुकडेच होते."

भाऊनं माझ्याकडे पाह्यलं. रागानं नाई. "तुम्हाले खोटं बोलता येत नाई, बाई," म्हणाले. मी चक्कीचं तोंड पुसाले लागली, पुसलेलंच परत पुसत राह्यली. बाहेर सुरुंगाचा धमाका झाला, खिडकी थरथरली. भाऊ बसून होते. सोताशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे सारे आत बसून होते. दुसऱ्याची वाट पाहात." मग परत हाताकडे पाह्यलं. "अन् दुसरा मी वाजवलाच नाई."

खाणीचा दुसरा भोंगा होऊन गेला तरी ते उठले नाईत. मग एकदम उठले अन् टाकीकडे निघाले. मी पीठभरल्या हातानं मागं धावली. मले वाटलं, काय कराले चालला हा माणूस. भाऊ भोंग्याच्या खांबाजवळ गेले. त्या दिवसापासून त्याले कोणी हात लावला नव्हता. त्याइनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मुठीवरची धूळ पुसली, दोन्ही हातानं धरली, अन् हळूहळू फिरवाले लागले. खालच्या आवाजात भोंगा घुमाले लागला.

आधी मंजुषाचं दार उघडलं. मग समोरचं. मग साऱ्या गल्लीची दारं एकामागून एक. लोक अंगणात येऊन उभे राह्यले, कोणी पुढे येईना. मंजुषा तोंडाले पदर लावून उभी होती. तिले समजलं होतं.

भाऊले दम लागला. मी मूठ धरू लागली तं त्याइनं धरू दिली. दोघं मिळून फिरवत होतो. भाऊ दारादारात उभ्या असलेल्या लोकाइकडे पाहात होते. मग त्याइची नजर सोताच्या घराकडे गेली. दाराले कुलूप होतं.

"सारं गाव ऐके माझं," भाऊ म्हणाले. "एकटी तीच नाई ऐके. दुसऱ्या कोणाचं घर पेटलं असतं तं ती आली असती ना, बाई?"

"आली असती भाऊ," मी म्हटलं. हे खरं होतं.

भाऊनं मूठ सोडली अन् खांबाले टेकून खाली बसले. मंजुषानं घरातून पाणी आणलं अन् भाऊनं तिच्या हातचं पेलं. मी भोंगा थांबवला नाई, शेवटच्या गल्लीतलं दार उघडाचं राह्यलं होतं.